तुझ्या नावाचे ठोके

प्रिय सुमन,

'प्रिय' वाचून हसू नकोस. आयुष्यभर तुला 'अगं' आणि 'ऐकलंस का' यापलीकडे हाक मारली नाही, आणि आता एकदम प्रिय! पण तू शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवायचीस तेव्हा मायना चुकला की अर्धा मार्क कापायचीस. माझा कापू नकोस, म्हणून जपून सुरुवात केली आहे.

आज लिहायला बसलो, कारण उद्या मेघना पुण्याहून येते आहे. ती आली की मला तुझं चालणं थांबवावं लागणार आहे. ते तुला न विचारता करणं बरं दिसत नाही.

कसलं चालणं, म्हणशील. तू गेल्यावर मी तुझं स्मार्टवॉच हातात घालायला लागलो. नुसतं घालत नाही, आत नाव तुझंच ठेवलं आहे. वय तुझं, वजन तुझं. तुझा फोनही रोज चार्ज करून खिशात घेतो, कारण त्याच्याशिवाय ते घड्याळ मुकं. त्याच्या हिशेबाने तू अजून निजामपुऱ्यातल्या आपल्या घरीच आहेस आणि रोज सकाळी न चुकता फिरायला जातेस. मी त्याला तसं समजू दिलं.

गेल्या आठवड्यात सकाळी फिरून आलो, चहा ठेवला, तोच मेघनाचा फोन. एरवी ती रविवारी करते. आवाज असा होता की मी आधी गॅस बंद केला.

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय धाड भरली आहे?"

ती म्हणाली, "मला फोनवर सूचना आली आहे. आईच्या... आईच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतायत म्हणून."

सुमन, खरं सांगू? क्षणभर माझ्या मनात एवढंच आलं, की म्हणजे पडतायत! अनियमित का होईना, पण पडतायत! एवढा म्हातारा माणूस मी, स्वतःच्या हातांनी तुला अग्नी देऊन आलेला, आणि ओट्याला टेकून उभा राहिलो तो असा आनंद मनात धरून. किती वेळ टिकला तो आनंद? दूध वर येतं ना, तेवढाच. मग भानावर आलो आणि मनगटाकडे पाहिलं. ठोके माझे होते.

आठवतं ना, ही व्यवस्था कुणी करून ठेवली ते? दिवाळीत मेघनाने तुला घड्याळ आणलं आणि तुझे सगळे आकडे तिच्या फोनवर दिसतील अशी जोडणी करून गेली. तू काय खूश! जन्मभर पोरांना मार्क दिलेस, आता घड्याळ तुला देऊ लागलं. सकाळी चहा घेताना तू निकाल वाचून दाखवायचीस. चालण्यात पहिला वर्ग, झोपेत नापास. आणि नापास का, तर "तुमच्या घोरण्यामुळे." पुरावा मनगटावर घेऊनच तू भांडायचीस, मी काय बोलणार?

पोळ्या लाटल्या तरी ते पावलं मोजायचं. पाहुण्यांच्या दिवशी तर तू ओट्यापाशी उभ्या उभ्या कमाटीबागेला फेरी मारून यायचीस. समोरच्या हंसाबेन बघून म्हणाल्या होत्या, "वाह सुमनबेन! रोटली वणतां वणतां चालवानुं थई गयुं!" तुला ते लागलं नाही, उलट त्या दिवशी दोन पोळ्या जास्त लाटल्यास.

आणि तुझ्या त्या बांगड्या! मेघनाने सांगितलं होतं, घड्याळ मनगटाला नीट टेकलं पाहिजे. पण तुझा डावा हात म्हणजे ठरलेली रचना. काचेच्या हिरव्या, मग पाटली, मग परत काचेच्या. तू काय केलंस? पाटली काढून तिच्या जागी घड्याळ बसवलंस! पुढे बांगड्या, मागे बांगड्या, मधे घड्याळ, आणि सगळा ऐवज कोपरापर्यंत खाली-वर. मी तुला किती समजावलं. अगं, मी उभा जन्म रिफायनरीत गेज बसवण्यात घालवला, मीटर ज्या पाइपावर बसवायचं त्याला ते चिकटलेलं हवं. तर तू म्हणालीस, "अहो, मी पाइप नाहीये. आणि सवाष्णीचा हात असा बोडका बरा दिसत नाही." झालं. पुढे बोलायची सोयच नाही.

मग ते नवरात्र. सोसायटीच्या गल्लीतला शेरी गरबा, आरती होऊन दुसरा ताल सुरू झालेला. तू फेरीतून बाहेर येऊन पाणी प्यायलीस आणि कौतुकाने मला हात दाखवलास. नाडीचा आकडा एकशे ऐंशीच्या घरात! मी तुला ओढतच बाजूला नेलं, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, बांगड्या वर सारल्या आणि तुझ्या मनगटावर बोटं ठेवून माझ्या साध्या घड्याळात बघत नाडी मोजायला लागलो. पहिल्यांदा मोजली, पटेना. परत मोजली. तुझी नाडी जोरात होती, पण घड्याळाच्या आकड्याच्या जवळपासही नव्हती. बांगड्यांमुळे घड्याळ सैल, आणि गरब्यात टाळ्यांचा असा दणका, की ते बिचारं तुझ्या टाळ्याच ठोके म्हणून मोजत होतं.

मीटर खोटं बोललं नव्हतं. ते दुसऱ्याच कशाचं तरी खरं सांगत होतं. प्लांटमध्ये असं शंभरदा पाहिलं होतं मी, पण त्या संध्याकाळी ते सुचायच्या आधी माझाच जीव जायची वेळ आली होती.

"अहो, झालं ना मोजून? सोडा आता हात. लोक बघतायत," तू म्हणालीस. हंसाबेन तर केव्हाच्या बघत होत्या. "भाई, हाथ पकडवो होय तो पकडो ने, घडियाळनुं बहानुं शुं काम?" सगळ्या बायका हसल्या. तू लाजलीस! त्या वयात, त्या घामेजल्या चेहऱ्याने! तुझी नाडी माझ्या बोटांखाली उडत होती, आणि मी मोजणं संपलं तरी हात सोडला नव्हता. सुमन, आज मला जगातलं कुठलं यंत्र नको, ती प्लास्टिकची खुर्ची आणि ते मनगट हवंय.

त्यानंतर मात्र तू शहाणी झालीस. पाटली कपाटात गेली, डाव्या हातात दोनच काचेच्या बांगड्या राहिल्या आणि घड्याळ घट्ट बसलं. म्हणून तर मला त्याचा इतका राग आहे. बसवलेलं बरोबर होतं, आकडे बरोबर होते, रोज संध्याकाळी "उत्तम" म्हणत होतं. आणि तुझ्या पोटात तो आजार घर करत होता!

निदान झाल्यावर मी तो आलेख घेऊन डॉक्टरांकडे भांडायला गेलो होतो, हे तुला कधी सांगितलं नाही. विश्रांतीतली तुझी नाडी दोन-तीन महिने हळूहळू चढत गेलेली त्यात दिसत होती. झोप उतरत गेलेली दिसत होती. मी म्हटलं, हे समोर होतं, मग मला कळलं कसं नाही? ते शांतपणे म्हणाले, "काका, चढलेली दिसते ते खरं आहे. पण ती तापाने चढते, काळजीने चढते, उन्हाळ्याने चढते. यावरून पोटातलं कुणालाच कळलं नसतं. हे घड्याळ हृदयाच्या दारात उभं असतं. मागच्या खोलीत काय चाललंय ते त्याला नाही दिसत." त्यांनी माझी समजूत काढली की खरं सांगितलं? खरंच सांगितलं असावं. पण समजूत अजून पुरती पटलेली नाही.

दवाखान्यात शेवटी नर्सने ते काढून माझ्या हातात दिलं. पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकत होता. कातडी शोधत होता तो, दुसरं काय. मी शर्टाच्या खिशात टाकलं. घरी आणल्यावर बायकांनी तुझे दोन्ही हात हिरव्या चुड्याने कोपरापर्यंत भरले. इतके भरले की घड्याळाला जागाच नव्हती. तू जिंकलीस. माझ्या खिशात मात्र ते मधूनमधून थरथरत होतं, आणि मी लोकांचे नमस्कार घेत उभा होतो.

मग दिवसपाणी झालं, माणसं पांगली, मेघना परत गेली. मी खुर्चीत. नुसता खुर्चीत! हंसाबेन डबा ठेवून जायच्या, तो तसाच झाकलेला राहायचा. एक दिवस काही सुचेना म्हणून तुझं घड्याळ चार्जिंगला लावलं. लावलं ते लावलं, मनगटावर बांधून पाहिलं. पट्ट्याचं तुझं भोक मला होईना, पुढच्या भोकात बसलं. आणि थोड्या वेळाने ते थरथरलं. बराच वेळ बसून आहात, उठा, जरा चाला.

घरात मला उठा म्हणणारं कोण उरलं होतं? तू म्हणायचीस, तेव्हा मी ऐकत नसे. त्या दिवशी ऐकलं. चपला घातल्या आणि बाहेर पडलो. सोसायटीच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी रस्त्यापर्यंत. मग रोज. महिन्याभरात कमाटीबागेत तू मैत्रिणींबरोबर बसायचीस त्या बाकापर्यंत पोचलो. येताना सेव-उसळही खाऊ लागलो, तेवढं तुला पटणार नाही, माहीत आहे.

चालताना मी तुझ्याशी बोलायचो. घड्याळाला वाटायचं तू चालतेस, मला वाटायचं तू बरोबर चालतेस. यात काय मोठं बिघडलं?

बिघडलं ते हे, की मेघनाच्या फोनवर आई चालताना दिसत होती. माझ्या डोक्यात ते आलंच नाही! त्या फोनच्या वेळी मी तिला विचारलं, "म्हणजे इतके दिवस तुला दिसत होतं? मग बोलली का नाहीस?"

"पहिल्या दिवशी दिसलं तेव्हा ऑफिसमध्ये बाथरूममध्ये जाऊन रडले, बाबा. तुम्ही आहात हे कळत होतं मला. पण विचारलं असतं तर तुम्ही ओशाळून काढून ठेवलं असतं. मग मी सकाळी उठून काय बघितलं असतं?"

बघ, आपली पोर! आईचे ठोके बघायला रोज सकाळी फोन उघडत होती. तिकडे ती, इकडे मी, आणि दोघंही एकमेकांना चोरून.

त्या दिवशी हंसाबेनना हे कळल्यावर त्या थांबल्याच नाहीत. "चालो भाई, हुं साथे आवुं छुं," म्हणत रिक्षात बसवून छाणी रोडवरच्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. तरुण मुलगी आहे, मेघनाहूनही लहान. तिने घड्याळ पाहिलं, तुझा फोन पाहिला आणि म्हणाली, "काका, आ तो कोई बहेनना नाम पर छे!"

"मारी पत्नीना," मी म्हटलं.

"तो काकीने पण लई आवो ने, एमने पण तपासी लईए."

हंसाबेन खिडकीबाहेर बघू लागल्या. ती तुलाही तपासायला बोलावत होती, आणि मी तुझा फोन परत घ्यायला हात पुढे केला. मग तिचं तिलाच कळलं, आणि तिने फोन दोन्ही हातांनी माझ्यासमोर ठेवला.

कार्डिओग्राम काढला. घड्याळाने बरोबर पकडलं होतं. हृदयाचे वरचे कप्पे मधूनच थरथरतात, मग ठोके ओळीत पडत नाहीत. मला काहीच जाणवत नव्हतं, सुमन, कसलीही कळ नाही की धाप नाही. ती म्हणाली, न जाणवताच कधी गुठळी होऊन मेंदूकडे जाते, आणि माणसाचं एक अंग जातं. आता रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू केली आहे. म्हणजे ज्या घड्याळाने तुझ्या वेळी काही सांगितलं नाही, त्यानेच मला वाचवलं. ते नुसतं खुणावतं, म्हणाली, निदान आम्ही करायचं. माझा राग कुठे ठेवू आता?

मग तिने खरी गोष्ट सांगितली, तुला मराठीत सांगतो. या आकड्यांचा उपयोग एवढाच, की माणसाचं आज त्याच्याच कालशी ताडून बघायचं. दुसऱ्याच्या आकड्याशी नाही. "आणि काका, तुमचं काल इथे नाहीच. इथे काकींचं आहे." तिने आलेख दाखवला. तुझी रेघ, मग थोडी मोकळी जागा, मग माझी. यंत्राच्या मते एकच बाई मधे काही दिवस विसावा घेऊन पुन्हा चालायला लागली. ती मोकळी जागा मी बघत बसलो. केवढीशी होती, करंगळीएवढी.

नाव बदला, असं ती म्हणाली. मेघनाही फोनवर तेच म्हणाली. मी चिडलो. म्हटलं, नवीन घे माझ्यासाठी, मी दोन घालीन. डाव्या हातात सुमनचं, उजव्यात माझं. त्यावर हंसाबेन म्हणाल्या, "बे हाथमां बे घडियाळ! लोको रस्तामां टाइम पूछवा ऊभा राखशे." आणि मेघना म्हणाली, "बाबा, आईचे आहेत ते सगळे आकडे तिच्या फोनमध्ये राहणार आहेत, काही पुसलं जाणार नाही. फक्त पुढे वाढणार नाहीत." तेच तर नको होतं मला! फक्त म्हणे!

मग ती हळूच म्हणाली, "मला आता बघायला एकच माणूस उरलंय. त्याला त्याच्या नावाने बघू द्या ना."

त्या रात्री जेवण गेलं नाही. तू ती टॅगची गोष्ट किती वेळा ऐकली आहेस! रंगकामानंतर दोन गेजचे टॅग, त्या नावाच्या पट्ट्या, उलटे अडकवले गेले होते, कंट्रोल रूमला एका टाकीचा दाब दुसरीच्या नावाने दिसत होता, आणि मी सबंध शिफ्टला उभं-आडवं घेतलं होतं. "गेज बिघडलं तर चालेल, टॅग चुकता कामा नये," हे वाक्य मी घरी येऊनही तीनदा म्हटलं होतं, आणि तू म्हणाली होतीस, "अहो, जेवा आता, टॅग नाही चुकत कुणाचा." चुकला, सुमन. माझाच चुकला. मनगटावर, समजून-उमजून.

म्हणून ठरवलं. उद्या मेघना येईल आणि घड्याळात माझं नाव घालेल.

आज सकाळी मात्र शेवटचं तुझ्या नावाने चालून आलो. तुझ्या वाटेने गेलो, बागेच्या मागच्या फाटकाने, कारण पुढे गर्दी असते म्हणून तुला तेच आवडायचं. बाकावरच्या तुझ्या त्या मैत्रिणींना "जय श्री कृष्ण" केलं. सेव-उसळीच्या गाडीवरून सरळ पुढे आलो, थांबलो नाही. आज चालत होतीस ती तू, आणि तू तिथे कधी थांबली नसतीस. पाय जड झाले होते, तरी मधे बसलो नाही. तुझं रोजचं ठरलेलं अंतर पुरं केलं आणि घराच्या पायरीवर येऊन टेकलो.

आठवतं, तुझं अंतर पुरं झालं की मेघना पुण्याहून तुला 'शाब्बास आई!' पाठवायची? आणि तू ते दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचीस. तू गेल्यापासून तो निरोप एकदाही आला नव्हता. रोज बघत असूनही तिने कधी पाठवला नव्हता. आज पायरीवर बसलो आणि मनगट थरथरलं. तुझ्या नावावर आला होता.

'शाब्बास आई. खूप चाललीस. आता बस हं. उद्यापासून बाबा चालतील.'

किती वेळ पायरीवर बसून होतो, ठाऊक नाही. हंसाबेन येऊन गुपचूप शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या. मी पट्टा सोडला. काचेवर तुझ्या बांगड्यांचे बारीक चरे आहेत, उन्हात तिरकं धरलं की दिसतात. ते तेवढे राहतील. मग मी माझ्याच मनगटावर बोटं ठेवली, जशी तुझ्या ठेवली होती, आणि मोजायला लागलो. मधेच एक चुकत होता, मागून एक घाईने येत होता. पण माझे होते.

तुला वचन देतो, सुमन. गोळी चुकवणार नाही. मेघनाला खोटा आकडा दाखवणार नाही, सेव-उसळीचासुद्धा. हे घड्याळ उठा म्हणेल तेव्हा उठेन, आणि ऐकू येईल तो आवाज तुझाच. तुझ्याकडे यायची मला घाई होती, हे तुला सांगायला नको. ती घाई आता बाजूला ठेवतो. आपली पोर रोज सकाळी फोन उघडते, तिला तिथे कुणीतरी चालताना दिसायला हवं.

तू आता बस. बाकावर माझ्यासाठी जागा धर, मी सावकाश येतो.

तुझा,
अहो